आधी पेन्सिल, मग पेन

४ जानेवारी

ताई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी बस, आईलाही बसव. बसलात? तुमचा ढब्बू हिरो झाला!

हसू नकोस. खरोखरचा हिरो, पहिल्या सीनपासून शेवटच्या सीनपर्यंत. एकवीस वर्षांत मी पडद्यावर काय काय केलं ते तुला तोंडपाठ आहे. तीनदा प्रेत, पाचदा वेटर आणि एकदा पाठमोरा डॉक्टर. आता ऐक. गोष्ट आहे एका कारखान्यातल्या साध्या कारकुनाची. कारखाना गॅसच्या शेगड्या बनवतो. शेगड्या सदोष, मालकाला ते ठाऊक, आणि तपासणी खात्यातला हा कारकून सगळं एका वार्ताहर बाईला सांगून टाकतो. तो कारकून मी! वार्ताहर कोण झालीय ते सांगत नाही, तुझा विश्वास बसायचा नाही.

दिग्दर्शक बाई फार कडक आहेत. गोष्ट मोबाईलच्या आधीची, म्हणून त्यांनी आमचे सगळ्यांचे फोन कपाटात कोंडलेत आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातलीय. भूमिका अंगात भिनली पाहिजे म्हणतात. शूटिंग डोंगरावरच्या एका बंद कारखान्यात आणि राहायची सोय खाली नऊ किलोमीटरवर. तेव्हा पुढचे तीन महिने पत्रंच.

आता कामाचं. तू अठरा वर्षं हेल्मेटच्या कारखान्यात तपासणी करतेस, म्हणजे माझी भूमिका तू रोज फुकट करतेस. मला सगळं कळव. तू उभी कशी राहतेस? हातांचं काय करतेस? खिशात काय असतं? आणि नोंदीची एखादी जुनी, भरलेली वही मिळेल का? सामानवाले मामा (सेटवरच्या सगळ्या वस्तू तेच बनवतात) म्हणाले, खरी वही बघितल्याशिवाय खोटी चांगली होत नाही.

तुझा हिरो,
ढब्बू


११ जानेवारी

ढब्बू,

बसून वाचलं. आई बसली ती लगेच उठली, शेजारी सांगायला गेली आणि दोन तासांनी परत आली. तोवर तिच्या तोंडी तू हिरोवरून निर्मातासुद्धा झाला होतास.

अभिनंदन. मनापासून. आता शेवटपर्यंत जिवंत राहा म्हणजे झालं. मागच्या सिनेमात तू प्रेत होऊन पडलास तेव्हाही तुझं पोट हलत होतं.

तुझे प्रश्न. आमच्या यंत्रावर पोलादाचं एक डोकं आहे. नाक, कान, तोंड काही नाही. त्याला आम्ही जावईबापू म्हणतो, कारण सगळे त्याला जपतात आणि तो कुणाशी बोलत नाही. हेल्मेट त्याच्यावर चढवायचं, पट्टा आवळायचा, माणसाच्या दीडपट उंचीवर न्यायचं आणि खाली ऐरणीवर सोडायचं. डोक्याला किती हादरा बसला तो आकडा यंत्र दाखवतं. तीनशेच्या आत आला तर हेल्मेट पास. वर गेला तर नापास.

हातांचं काय करतेस म्हणे! काम करते. तू पडद्यावर हात असे हलवतोस की माश्या हाकतोयस असं वाटतं, तेवढं टाळ. खिशात पेन्सिल, पेन आणि चष्मा पुसायचं फडकं. आकडा आधी पेन्सिलीने लिहायचा. संध्याकाळी साहेब येतात, मग ते सांगतील तो आकडा शेजारी पेनाने लिहायचा आणि खाली माझी सही. नंतर पेन्सिल खोडायची असते, पण माझा खोडरबर नेहमी हरवलेला असतो. अशी का पद्धत ते विचारू नकोस.

गेल्या वर्षीची एक भरलेली वही सोबत पाठवते. परत कर. आणि वाच जरा, नुसती छातीशी धरून फोटो काढू नकोस.

ताई


२० जानेवारी

ताई, ताई, ताई!

बाईंनी वही उघडली आणि मिठीच मारली. मला नाही, वहीला. "पेन्सिल आणि पेन! हे लेखकाला सुचलं असतं का?" असं त्या लेखकासमोरच म्हणाल्या. तो अजून जेवायला वेगळा बसतो. आता नवा सीन लिहिलाय. मी पेन्सिलीने खरा आकडा लिहितो, साहेब खांद्यावर हात ठेवतो, मी पेनाने खोटा आकडा लिहितो आणि कॅमेरा माझ्या डोळ्यांत जातो. काय पण कल्पना आहे, नाही? खरा आणि खोटा! तुमच्या साध्या पद्धतीवरून बाईंनी कुठल्या कुठे उडी मारली बघ.

वही मी वाचली नाही, खोटं कशाला बोलू. आकडे दिसले की मला झोप येते. पण अक्षर मात्र छापल्यासारखं. मामांनी तिच्या हुबेहूब तीन प्रती केल्यात, कारण सिनेमात मालक वही जाळतो आणि आगीचा सीन एका फटक्यात कधी जमत नाही.

आणि सगळ्यांत मोठी बातमी. आमचे निर्माते कोण आहेत माहीत आहे? तुमचे मालक! मलाही कालच कळलं. सिनेमा हा म्हणे त्यांचा छंद. काल सेटवर आले, भाषण केलं, सत्याच्या बाजूने उभं राहायला छाती लागते वगैरे, आणि जाताना बासष्ट जणांना एकेक हेल्मेट भेट दिलं. लाल पट्ट्याचं, तुमच्याच कारखान्यातलं. मी भाड्याने मोटरसायकल घेतलीय, रोज तो उतार त्यावरूनच उतरतो. हेल्मेट इतकं हलकं आहे की घातलंय हेच विसरायला होतं. परवा तसाच जेवायला बसलो.

ढब्बू


२५ जानेवारी

ढब्बू,

ते हेल्मेट घालू नकोस. घमेलं घाल, पातेलं घाल, पायी जा, पण ते घालू नकोस.

वही ताबडतोब परत पाठव. पेन्सिलीचा सीन काढून टाकायला सांग. मालकांना माझ्याबद्दल एक अक्षर बोलू नकोस. हे पत्र फाडून टाक.

ताई

ता. क. आईने सांगितलंय म्हणून लिहिते: स्वेटर घालतोस का?


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र फाडलं नाही. तीनदा वाचलं आणि मला वाईट वाटलं.

एकवीस वर्षं तू मला 'धंद्याचं काहीतरी बघ' म्हणत आलीस, मी ऐकून घेतलं. आता कुठे माझं नशीब उघडलं तर सीन काढ, वही पाठव, हेल्मेट घालू नको! हेल्मेट घालून मी रुबाबदार दिसतो म्हणून का? मत्सर तुझ्या स्वभावात नाही असं मी सगळ्यांना सांगत असतो.

असो. मी मात्र तुझं भलंच केलंय. सीन परवा झाला, चौदा वेळा घेतला. चौदाव्या वेळी माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं (तोवर दुपारचे तीन वाजले होते आणि जेवण झालं नव्हतं). मालक स्वतः बसून बघत होते. कॅमेरा वहीच्या पानावर गेला आणि ते एकदम खुर्चीतून उठले. भारावले असणार. मग विचारलं, "हे कुणाचं डोकं?" मी छाती काढून पुढे झालो. म्हटलं, "माझी सख्खी थोरली बहीण, साहेब. तुमच्याच तपासणी खात्यात आहे. वहीसुद्धा तिचीच!" त्यांनी तुझं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. स्वतःच्या हाताने!

तुला बढती नक्की. मग मला काय ते पत्र लिही.

(अजून थोडा रागावलेला)
ढब्बू


९ फेब्रुवारी

हिरोसाहेब,

बढती मिळाली. परवा सकाळी कामावर गेले तर प्रयोगशाळेला नवीन कुलूप. मला कॅन्टीनच्या कोठीवर पाठवलंय. आता मी चमचे मोजते. माझ्या टेबलातल्या सगळ्या वह्या साहेबांनी पोत्यात भरून नेल्या.

आता हे हळू वाच. आकडे आहेत, तरी झोपू नकोस.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी हेल्मेटचं कवच पातळ केलं आणि आतला फोम बदलला. म्हणून ते तुला हलकं लागतं. तेव्हापासून जावईबापूवर दहा हेल्मेटं टाकली तर चार नापास होतात. साडेतीनशे, चारशे, एकदा तर पाचशेवर गेलं, कवचाचे दोन तुकडे झाले. तो आकडा मी पेन्सिलीने लिहायचे. संध्याकाळी साहेब म्हणायचे, दोनशे ऐंशी लिही. मी पेनाने दोनशे ऐंशी लिहायचे आणि खाली सही करायचे. तुझ्या बाईंनी उडीबिडी काही मारलेली नाही. पेन्सिलीचा खरा, पेनाचा खोटा. लेखकाला जेवायला परत बोलवा, त्याची काही चूक नाही.

तू विचारशील, ताई, तू सही का केलीस? पहिल्यांदा केली तेव्हा साहेब म्हणाले, यंत्र बिघडलंय. मी विश्वास ठेवला, कारण ठेवायला बरं वाटत होतं. नंतर आईचं ऑपरेशन आलं. मग सवय झाली. एवढंच आहे, याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

आणि आणखी एक. ती वही मी चुकून पाठवली नाही. साहेब फक्त सही बघतात, सरकारी तपासनीस शिक्का बघतो. तीन वर्षांत त्या पेन्सिलीकडे एकाही माणसाने बघितलं नाही. म्हटलं, सिनेमावाले तरी बघतील. कुणीतरी विचारेल. तर तुम्ही अक्षराचं कौतुक केलंत. आणि निर्माता कोण ते मला काय ठाऊक! तुझं ते हेल्मेटचं पत्र आलं तेव्हा कळलं. दुसरी लोकं ते घालतात हे मला तीन वर्षं माहीत होतं, ढब्बू. तू घातलंस तेव्हा माझी झोप उडाली. याची मला लाज वाटते.

तुझ्याकडची वही आता एकच उरलीय. मालक ती मागतील.

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी मोटरसायकलवर बसल्या बसल्या वाचलं, डोक्यात हेल्मेट. वाचून झाल्यावर ते काढलं आणि गाडी ढकलत नऊ किलोमीटर खाली आलो. मी गाढव आहे. हे तू आजवर शेकडो वेळा म्हणालीस, आज पहिल्यांदा मला पटलं.

तुझा अंदाज बरोबर होता. काल मालकांचा मॅनेजर आला. "साहेबांना ती वही आठवण म्हणून हवीय." मी म्हटलं, आणतो. मामांच्या पेटीत चार वह्या, एक तुझी आणि तीन त्यांनी केलेल्या. मी मामांकडे बघितलं, मामांनी माझ्याकडे. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "काही सांगू नकोस. आकडे मीच उतरवून काढलेत, मी वाचलेत." तेवढं बोलून त्यांनी एक खोटी वही काढून माझ्या हातात दिली.

मॅनेजरने दोन पानं चाळली, ती मालकांना नेऊन दिली आणि मालकांनी आमच्याच सेटवरच्या लोखंडी टोपल्यात ती पेटवली. स्वतःच्या हाताने, काय तो चेहरा! आगीचा सीन पहिल्याच फटक्यात झाला आणि कॅमेरा बंद होता. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

खरी वही आज रजिस्टर टपालाने पाठवतोय. पोचल्याचं कळव.

बाकी एकसष्ट हेल्मेटांचं काय करायचं हा प्रश्न होता. खरं कारण सांगायला धीर होईना. मग मी दुपारी जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझ्या हेल्मेटात उवा निघाल्या. तासाभरात एकसष्ट हेल्मेटांचा ढीग. वार्ताहर झालेल्या नटीने तर केस धुवायला अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली.

ढब्बू


६ मार्च

ढब्बू,

वही पोचली. घरी आणून ठेवली ती धान्याच्या डब्यात. आई दर तासाला डबा उघडून बघते, त्यामुळे चोराला शोधावी लागली नसती.

मग वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. तुझ्या सिनेमातली वार्ताहर जिने चढत धावत असेल आणि टेबलावर मूठ आपटत असेल. आमच्या वाट्याला आलेला वार्ताहर पन्नाशीचा आहे, त्याला कायम सर्दी असते आणि तो जिना लिफ्टनेच चढतो. घरी आला तेव्हा आईने बिचारीने नवी चादर घातली होती. त्याने चादर बघितली नाही, न डगमगणारं टेबल आहे का विचारलं. आमचं डगमगतं. मग खाली घडी करून तुझा फोटो छापून आलेला जुना अंक घातला, आता हलत नाही.

दोन आठवडे हा माणूस वहीला चिकटलाय. एकच प्रश्न सात वेळा विचारतो. सातव्यांदा मी चिडले तर म्हणाला, "सातही वेळा तेच उत्तर आलं, बरं झालं." वीस दुकानांतून त्याने चाळीस हेल्मेटं विकत घेतली आणि दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत टाकून पाहिली. सतरा नापास. ही हेल्मेटं घालूनही डोकं फुटलेल्यांना इस्पितळात भेटून आला. तिथून आल्यावर बराच वेळ नुसतं नाक पुसत होता. सर्दीच होती असं म्हणाला.

काल त्याने कागद मिटले आणि म्हणाला, "तुमचं नाव टाकायचं की 'एका कर्मचाऱ्याने सांगितलं' म्हणू? प्रत्येक खोट्या आकड्याखाली सही तुमची आहे. बातमी आली की चौकशी तुमचीही होईल." आई आतून ओरडली, "नाव नको!"

मी म्हटलं, टाका. इस्पितळातल्या त्या माणसांच्या घरी वर्तमानपत्र जाईल. सही कुणाची होती ते त्यांना कळायला हवं. हे म्हणाले खरी, पण तो गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले. आता बरी आहे.

बातमी आली की तुझा सिनेमा बंद पडेल. त्याचं मला फार वाईट वाटतंय, ढब्बू. खरंच वाटतंय.

ताई


१८ मार्च

ताई,

बातमी वाचली. पहिल्या पानावर, तुझ्या नावासकट. सेटवर तो अंक हातोहात फिरला आणि उवांचं खरं कारण सगळ्यांना कळलं. नटी म्हणाली, माझे केस उगाच धुतले.

सिनेमा बंद पडलेला नाही. म्हणजे, ते माझ्यावर आहे. सविस्तर सांगतो.

मालकांनी पत्रक काढलंय, तू वाचलं असशील. "ती वही आमच्याच चित्रपटासाठी बनवलेली नकली वस्तू आहे. नाराज कर्मचारी महिलेने ती खरी म्हणून खपवली." ताई, आपण दोघांनी मिळून त्यांना काय आयतं कोलीत दिलंय बघ! खोट्या वह्या होत्याच. मामांनी केल्याच होत्या. बासष्ट माणसांनी त्या बघितल्यात.

दोन तारखेला चौकशी अधिकाऱ्यापुढे माझी साक्ष आहे. परवा मालकांनी मला गाडीत बसवून फिरवलं. म्हणाले, "तू फक्त एवढंच सांग की वही सेटवर तयार झाली. बहिणीला काही होणार नाही, समज देऊन सोडू. मग शेवटचा सीन उरकू आणि सिनेमा झळकवू. भिंतीभिंतीवर तुझं तोंड." शेवटचा सीन कुठला आहे माहीत आहे? कारकून भर कोर्टात खरं बोलतो तो! म्हणजे मी खोटं बोललो तरच मला खरं बोलायला मिळणार.

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. सिनेमातल्या कारकुनाने म्हटलं असतं. मी म्हटलं, "विचार करतो, साहेब." आणि दोन रात्री विचारच करतोय. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. पुन्हा कोण मला हिरो करणार आहे?

तू सांग काय करू. तू सांगशील ते करतो.

ढब्बू


२२ मार्च

ढब्बू,

मी सांगणार नाही.

लहानपणापासून तुला सगळं मीच सांगत आले. हे नको खाऊ, तिकडे नको जाऊ, हेल्मेट काढ. आणि त्याच वेळी स्वतः मात्र कुणीतरी सांगेल तो आकडा लिहीत होते. तेव्हा दुसऱ्याला काय लिहायचं ते सांगायचा अधिकार मी गमावलाय. तुला जे बोलायचं ते बोल. काहीही बोललास तरी नंतर घरी ये.

ताई

ता. क. आई सांगते: मी सगळ्यांना सांगून बसलेय की माझा मुलगा हिरो झाला. पण त्याची काळजी करू नकोस, मी सांगून टाकीन की नटी पळून गेली. हल्ली सिनेमे असेच पडतात.


३ एप्रिल

ताई,

काल साक्ष झाली.

मी शेवटच्या सीनचं भाषण पाठ करून गेलो होतो. म्हटलं, खरं तर खरं, पण झोकात सांगू. खोलीत एक अधिकारी, एक टंकलेखक, मालकांचे तीन वकील आणि एक पंखा, तो सारखा खटखट वाजत होता. उभा राहिलो आणि भाषणातलं एक वाक्य आठवेना. हातांचं काय करायचं तेही कळेना.

अधिकारी म्हणाले, "धंदा?" म्हटलं, नट. वकील हसले. त्यांतला एक म्हणाला, "म्हणजे आज कुठली भूमिका?" अधिकाऱ्यांनी विचारलं, "वही सेटवर बनली का?"

आणि ताई, मी गप्प राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. मला भिंतींवरचं माझं तोंड दिसत होतं, मोठं, रंगीत. फार छान दिसत होतं गं. मग मी म्हटलं, "तीन सेटवर बनल्या. चौथी माझ्या बहिणीने टपालाने पाठवली. वाच म्हणाली होती, मी वाचली नाही." एवढंच. टंकलेखक म्हणाला, मोठ्याने बोला. म्हणून तेच पुन्हा म्हटलं.

वकील म्हणाला, नटाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तेवढ्यात मागच्या बाकावरून मामा उठले. पिशवीतून उरलेल्या दोन वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "साहेब, माझ्या वह्यांची पहिली बारा पानंच भरलेली आहेत. पुढे कोऱ्या. कॅमेऱ्याला तेवढीच दिसतात, उगाच कोण हात दुखवून घेणार?" अधिकाऱ्यांनी दोन्ही चाळल्या. मग तुझी घेतली आणि पान उलटत राहिले. दोनशे पानं, प्रत्येकावर पेन्सिल, पेन, सही. मालकांचे वकील आपापल्या बुटांकडे बघत होते.

बाहेर आल्यावर मॅनेजरने कळवलं, सिनेमा बंद. बाईंनी मला कपाटातून फोन काढून दिला आणि म्हणाल्या, "तेव्हा असं बोलला असतास तर चौदा वेळा सीन घ्यावा लागला नसता." त्या आता तुझ्यावर सिनेमा करणार आहेत, निर्माता शोधतायत. त्यात भावाची भूमिका आहे. मी मागितली. चाचणी घेतली आणि मला नाकारलं. म्हणाल्या, "तिचा भाऊ वाटत नाहीस."

फोन हातात आहे, तरी तुला करवत नाही. हे पत्र आधी वाच. तू चिडली नाहीस ना, की मी इतका वेळ गप्प राहिलो?

ढब्बू


१० एप्रिल

माझ्या लाडक्या ढब्बू,

मी तीन वर्षं गप्प होते. तू एका पंख्याखाली दोन मिनिटं. चिडू कुणावर?

मला तुझा अभिमान वाटतो. हे लिहिलं, आता पुन्हा लिहिणार नाही. आईने शेजारी सांगितलं की मुलगा कोर्टात खरं बोलला. ते विचारतात, कुठल्या सिनेमात?

माझी चौकशी चालू आहे. शिक्षा काय होईल ते पावसाळ्यानंतर कळेल. सर्दीवाला म्हणतो, स्वतःहून सांगितलंत ते धरतील. धरोत, न धरोत. नोकरी गेली, चमचे मोजणं सुटलं.

कारखान्याला सील लागलं आणि हेल्मेटं बदलून द्यायचा हुकूम निघाला. जाहिरातही आली, आतल्या पानावर, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. मी पहिले दोन दिवस घरी बसले. मग राहवेना, म्हणून चौकात जाऊन उभी राहिले. सकाळी आठ ते दहा, सिग्नलपाशी. दोन तासांत एकशे सहा लाल पट्टे गेले, ढब्बू. कामाला चाललेले, पोरींना कॉलेजात सोडायला चाललेले, मागे बायको बसवलेले. पट्टा घट्ट आवळून, अगदी विश्वासाने.

लाल दिवा लागला की मी पुढे होते आणि सांगते, "हे बदला, दुकानात फुकट बदलून देतात." पहिल्या दिवशी एकाने मला विक्रेती समजून हाकललं. एक म्हणाला, "तुम्हाला काय माहीत?" त्याला मी सांगितलं की याला पास मी केलंय, सही माझी आहे. मागच्यांनी भोंगे वाजवले तरी तो हलला नाही. मग गाडी बाजूला घेतली आणि डोक्यावरचं काढलं.

पण माझा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. हिरवा लागतो आणि सगळे निघून जातात. म्हणून लिहिते आहे. सामान बांध आणि ये. काम रोज दोन तास, संवाद एकच, मानधन नाही, आणि लोक शिव्या देतात. मी डावी बाजू धरलीय. उजवीकडे कुणी नाही.

ताई